सुरतेत मुसाफिराला जागा आहे का?

खानदेशात ‘तो सुरतला गेला’ असं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. कामाला गेला, एवढंच समजायचं. जळगावच्या आमच्या मोहल्ल्यात असं एकही घर नसेल, ज्यातला कुणी ना कुणी सुरतेत लूमवर, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर, डाइंगच्या कारखान्यात किंवा कपड्याच्या मार्केटमध्ये हमाली करायला गेलेला नाही. धुळ्यात माझं आजोळ. तिथली गोष्टही तीच. धुळ्यातले यंत्रमाग मंदीत आले की कारागीर गाडी धरतो ती सुरतेची.

माझा एक मामेभाऊ असाच चार वर्षांपूर्वी धुळ्याहून तिकडं गेला. गेल्या हिवाळ्यात मी त्याला भेटायला गेलो. त्याची दिवसपाळी होती. सकाळी सातला तो निघणार आणि संध्याकाळी साडेसातला मोकळा होणार. मधला अख्खा दिवस माझ्या हातात. मी ठरवलं, आज सुरत पायी बघायची. कपड्यांचं मार्केट नाही, हिऱ्यांची बाजारपेठ नाही. ज्या सुरतेच्या बंदरातून आपले पणजोबा-खापरपणजोबा हजला जात होते, ती सुरत.

त्या एका दिवसाच्या पायपिटीत जे दिसलं आणि संध्याकाळी भावाच्या खोलीवर जे ऐकलं, त्या दोन्हींचा मेळ माझ्या मनात अजून बसलेला नाही. म्हणून हे लिहितोय.

आपल्याच गाडीचा जुना रस्ता

सुरुवात गाडीपासून करावी लागेल. भुसावळहून सुटणारी सुरत पॅसेंजर जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत तापीच्या अंगानं खाली उतरते. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, हे या मार्गावरच्या पोराटोरांनाही माहीत असतं.

सतराव्या शतकात तावर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेला. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाताना लागलेले मुक्काम त्यानं लिहून ठेवलेत. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा आणि पुढं बुऱ्हाणपूर. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असं तो कौतुकानं सांगतो. थाळनेर आणि चोपडा वगळले तर ही यादी म्हणजे जवळपास आपल्या पॅसेंजरचं टाइमटेबलच आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ साली सुरतेला उतरला, तोही याच खानदेशातून बुऱ्हाणपूरला गेला. तिथल्या सराईत त्याला दिलेल्या खोल्या भट्टीएवढ्या लहान होत्या, म्हणून त्यानं आपल्या तंबूचा आसरा घेतला. बुऱ्हाणपूरचं तलम कापड याच वाटेनं सुरतेला यायचं आणि तिथून इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, पार रशिया-पोलंडपर्यंत जायचं.

सांगायचं इतकंच की खानदेश काही जगापासून तुटलेला कोपरा नव्हता. आपल्याला समुद्र नाही, पण बंदर होतं. ते तापीच्या दुसऱ्या टोकाला होतं. भुसावळला, थाळनेरला, प्रकाशाला जे पाणी आपण बघतो, तेच पाणी सुरतेच्या किल्ल्याखालून खाडीला मिळतं. फरक एवढाच की पूर्वी त्या वाटेनं कापड जायचं. आता कापड विणणारे हात जातात.

किल्ला आणि लुटीचा धडा

स्टेशनपासून चालत मी चौक बाजारात आलो. किल्ला अगदी नदीला टेकून आहे. सोळाव्या शतकात गुजरातच्या सुलतान तिसऱ्या महमूदच्या काळात खुदावंद खान या सरदारानं तो बांधला. कारण पोर्तुगीज. त्यांनी १५३० साली सुरत आणि पलीकडच्या काठावरचं रांदेर, दोन्ही जाळली होती. १५७३ साली अकबरानं किल्ला घेतला, १७५९ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. पुढं अनेक वर्षं तिथं सरकारी कचेऱ्या होत्या. आता महापालिकेनं त्याची नीट डागडुजी करून संग्रहालय केलंय. तिकीट काढून शाळेची मुलं रांगेत आत जात होती.

मराठी माणूस सुरतेच्या किल्ल्यापाशी उभा राहिला आणि त्याला लूट आठवली नाही, असं होत नाही. आपण सगळे चौथीच्या इतिहासात ती शिकलो. मीही शिकलो. वर्गात तो धडा सुरू झाला की मागच्या बाकावरची दोन पोरं माझ्याकडं वळून बघायची, हेही आठवतं. जणू काही लुटलं गेलं ते माझंच घर होतं.

मोठेपणी वाचलं तेव्हा चित्र वेगळं निघालं. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा शाहिस्तेखानाच्या फौजेनं तीन वर्षं पुणे प्रांत तुडवून काढला होता. त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल करायची, हा हिशेब होता. मोगलांचा सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात लपून बसला. ज्यांच्या पेढ्या लुटल्या गेल्या त्यात वीरजी व्होरा हा जैन सावकार होता आणि हाजी झाहिद बेग हा मुसलमान व्यापारीही होता. तिजोरीला धर्म विचारला गेला नाही. आणि सोडलं कुणाला? कॅपुचिन पाद्र्यांच्या घराला हात लावला नाही. डच कंपनीच्या एका मृत हिंदू दलालाचं घरही सोडलं, कारण तो दानधर्म करणारा माणूस होता. हे फ्रेंच प्रवासी बर्नियेनं त्याच काळात नोंदवलंय.

हा धडा त्या मागच्या बाकावरच्या पोरांना असा कुणी शिकवला असता तर बरं झालं असतं.

दगडात बांधलेली मेहमाननवाजी

किल्ल्यापासून थोडं चाललं की मुगलीसरा नावाचा भाग लागतो. नावातच पत्ता आहे. इथं १६४४ साली, शाहजहानच्या काळात, हकीकत खान नावाच्या अधिकाऱ्यानं हज यात्रेकरूंसाठी सराई बांधली. तो काळ सुरतेच्या ऐन भरभराटीचा. बंदराचं उत्पन्न शाहजहानची लेक जहाँआरा हिच्या नावे होतं. दिल्ली, आग्रा, लाहोर, बुऱ्हाणपूर, दख्खन, कुठूनही हजला निघालेला माणूस सुरतेला यायचा. म्हणून सुरतेला ‘बाब-उल-मक्का’, मक्केचा दरवाजा म्हणायचे. जहाज वाऱ्यावर चालायचं. वारं फिरेपर्यंत थांबावं लागे. आठवडे, कधी महिने. एवढे दिवस परक्या गावात राहायचं कुठं, या प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणजे ती सराई.

माझे आजोबा हजला मुंबईहून जहाजानं गेले होते. हजची जहाजं १९९५ पर्यंत मुंबईहून सुटत. जाण्याआधी ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात राहिले. तिथल्या जिन्याचं, पाण्याच्या रांगेचं, बंगालच्या आणि बिहारच्या हाजींसोबत एकत्र खाल्लेल्या खिचडीचं वर्णन ते आम्हाला मक्का-मदिनेइतक्याच प्रेमानं ऐकवायचे. सराईच्या दारात मला पहिल्यांदा आजोबांचीच आठवण झाली.

तिथं आज सुरत महानगरपालिकेचं मुख्यालय आहे. १८६७ पासून शहराचा कारभार याच वास्तूतून चालतो. मधोमध मोठं अंगण, चारी बाजूंनी कमानींच्या खोल्या. एकेका कमानीखाली एकेक खातं. लोक हातात कागद घेऊन उभे होते. एका बाकावर एक बाई मराठीत फोनवर सांगत होती, ‘दाखला आज भेटना नही, उद्या येवानं सांगतस.’ चक्क आपली अहिराणी! मुसाफिरांच्या सराईत पावणेचारशे वर्षांनंतर खानदेशची एक मुसाफिर बाई दाखल्यासाठी बसली होती.

या वास्तूवरून अलीकडं वादही झाला. ती वक्फ मालमत्ता असल्याचा निर्णय गुजरात वक्फ बोर्डानं २०२१ मध्ये दिला होता. २०२४ मध्ये वक्फ न्यायाधिकरणानं तो रद्द केला. त्या काळात व्हॉट्सॲपवर दोन्ही बाजूंनी काय काय फिरलं, ते सांगायला नको. ‘हे आमची महापालिकासुद्धा घेणार’ असं एकीकडं आणि ‘आमची आणखी एक जागा गेली’ असं दुसरीकडं.

मला तिथं उभं राहून दोन्ही बाजूंची गंमत वाटली. जागा कुणाची, यावर एवढी भांडणं झाली. जागा कशासाठी होती, हे कुणी विचारलं नाही. ती परक्या माणसाला रात्री पाठ टेकता यावी म्हणून होती. दुरून आलेल्याला ‘तू कुठला, कुणाचा’ असं विचारण्याआधी छप्पर द्यावं म्हणून होती. कागदावर मालक कुणीही असो, तो हेतू आज सुरतेत कोण सांभाळतंय? आणि आपण कुठं सांभाळतोय?

परक्यांच्या कबरी

सराईपासून कतारगाम दरवाजाकडं जाताना इंग्रज, डच आणि आर्मेनियन लोकांची जुनी कब्रस्तानं आहेत. भोवती दाट वस्ती, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि मधे एकदम घुमट उभे राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटेल, कुणा सुलतानाचा मकबरा आहे.

इंग्रजांच्या कब्रस्तानातली सर्वांत मोठी कबर ऑक्झिंडेन बंधूंची. त्यातला जॉर्ज हा १६६४ च्या लुटीच्या वेळी इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता. १६६९ साली तो इथंच वारला. ख्रिश्चन माणूस, इंग्लंडचा, आणि कबरीला घुमट, कमानी, थेट आपल्याकडच्या रौज्यांसारख्या. डच कब्रस्तानात व्हान रीड हा अधिकारी आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा प्रचंड ग्रंथ त्यानं स्थानिक वैद्यांच्या मदतीनं तयार करवून घेतला. १६९१ मध्ये तो वारला. शेजारी आर्मेनियन व्यापारी झोपलेत. इराणातून आले, सुरतेत धंदा केला, इथंच मातीला मिळाले.

हे लोक काही साधुसंत नव्हते. नफ्यासाठी आले होते. इंग्रजांनी पुढं काय केलं, ते आपल्याला ठाऊकच आहे. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. सुरत तेव्हा मोठी होती ती या परक्यांना जागा दिल्यामुळं. बोहरे, मेमन, जैन, नागर, पारशी, आर्मेनियन, अरब, तुर्क, डच, फ्रेंच, इंग्रज. प्रत्येकाला धंद्याला जागा होती, राहायला जागा होती, आपल्या देवाला आळवायला जागा होती, आणि मेल्यावर पुरायलाही होती. नदीत गाळ साचला, मोगल सत्ता खिळखिळी झाली, कंपनीनं १६८७ मध्ये आपलं मुख्य ठाणं मुंबईला हलवलं आणि सुरत उतरणीला लागली. पण जी दोन शतकं ती जगाच्या तोंडी होती, ती या उघड्या दारांच्या जोरावर.

रांदेरमधलं रंगून

दुपारी रिक्षानं पूल ओलांडून रांदेरला गेलो. रांदेर आता सुरतेचंच उपनगर झालंय, पण बंदर म्हणून ते सुरतेहून जुनं. दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज माणूस सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रांदेरचं वर्णन करतो. तो म्हणतो की इथले मुसलमान व्यापारी मलाक्का, पेगू, तेनासेरीम, सुमात्रा इथं जहाजं पाठवतात आणि घराच्या दर्शनी खोलीत फळ्यांवर चिनी मातीची सुंदर भांडी मांडून ठेवतात. म्हणजे मलेशियातलं मलाक्का, ब्रह्मदेशातलं पेगू ही रांदेरकरांना घरच्यासारखी गावं होती. मलाक्कात गुजराती व्यापाऱ्यांची संख्या इतकी होती की तिथल्या सुलतानानं नेमलेल्या चार शाहबंदरांपैकी एक फक्त गुजरात्यांचं काम बघायचा. शाहबंदर म्हणजे बंदरावरचा अधिकारी. परक्या व्यापाऱ्याला उतरवून घेणं, त्याला वखार मिळवून देणं, त्याची तक्रार ऐकणं हे त्याचं काम. विचार करा. परक्यांची सोय लावायला चार-चार सरकारी अधिकारी!

पुढं इंग्रजांच्या काळात रांदेरचे लोक रंगूनला गेले. तिथं दुकानं थाटली, बाजार बांधले, सुरती मशीद बांधली. ती मशीद रंगूनमध्ये आजही उभी आहे. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा हजारो लोकांना जीव मुठीत धरून परतावं लागलं. उरलेले १९६२ नंतर लष्करी राजवटीत दुकानं सरकारजमा झाली तेव्हा परतले. येताना काय आणता आलं असेल? फारसं काही नाही. पण जीभ आणली.

रांदेरच्या बाजारात मी खावसा खाल्ला. शेवयांवर नारळाच्या दुधातली बेसनाची आमटी, वर कुरकुरीत तळलेलं काहीतरी आणि लिंबू. हा मूळचा ब्रह्मी पदार्थ. रमजानमध्ये इथं रंगूनी पराठ्याच्या गाड्यांवर पाय ठेवायला जागा नसते. वाढणाऱ्या चाचांना मी म्हटलं, ‘चाचा, आमच्या जळगावात यावर शेव टाकली असती.’ ते हसून म्हणाले, ‘टाका की, कुणी अडवलंय? आमच्या आजोबांनी रंगूनमध्ये जाऊन त्यांच्या शेवयांत आपलं बेसन टाकलंच की!’

जुन्या गल्ल्यांमधून नंतर तासभर फिरलो. लाकडी कामाची दुमजली घरं, बरीच कुलूपबंद. मालक इंग्लंडला, दक्षिण आफ्रिकेला. दारावर पाटी आहे, आत माणूस नाही. जगभर ज्यांना राहायला जागा मिळाली, अशा लोकांचं हे गाव.

आणि भावाची खोली

संध्याकाळी मामेभावाच्या खोलीवर पोचलो. दहा बाय बाराची खोली, सहा जण. तीन दिवसपाळीचे, तीन रातपाळीचे. एका गादीवर दिवसा एक झोपतो, रात्री दुसरा. गादी कधी थंड होत नाही.

मी दिवसभराची कहाणी सांगितली. सराईची, कबरींची, रंगूनची. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘भाईजान, हाजींना सराई होती म्हणता. मला ही खोली मिळायला पाच महिने लागले.’

झालं होतं असं. सुरुवातीला त्याच्या कारखान्यातल्या खानदेशी पोरांनी त्याला आपल्या चाळीत बोलावलं. एक शिरपूरचा, एक पारोळ्याचा, एक अमळनेरचा. भाषा एक, भाकरी एक. मालकानं खोली दाखवली, भाडं ठरलं. मग नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी खोली ‘भरलेली’ होती. असं तीनदा झालं. मग तो मुस्लिम वस्तीत गेला. तिथं एका घरमालकानं विचारलं, ‘कुठला? खानदेशी? तुमच्याकडचे लोक महिना-महिना भाडं थकवतात.’ तिथंही नाही. तो म्हणाला, ‘मराठ्यांत मी मुसलमान, मुसलमानांत मी खानदेशी. झोपायचं कुठं?’

हे एका मालकाचं पाप म्हणून सोडून देता येत नाही. गुजरातेत १९९१ चा अशांत क्षेत्र कायदा आहे. ज्या भागांना तो लागू होतो, तिथं घराची खरेदी-विक्री करायला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. सुरतेचे बरेच भाग त्यात येतात. दंगलीत घाबरून कुणी कवडीमोलानं घर विकू नये, हा त्याचा सांगितलेला हेतू. प्रत्यक्षात एका समाजाच्या माणसाला दुसऱ्या समाजाच्या वस्तीत घर घेणं त्यामुळं अवघड होऊन बसलंय. आणि भाड्याची खोली नाकारायला तर कायदाही लागत नाही. ‘भरली’ हा एक शब्द पुरतो.

तरी सुरतेला सरसकट दोष देणं अन्यायाचं होईल. याच शहराच्या पालिका शाळा मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांतून चालतात. परक्याच्या पोराला त्याच्या भाषेत शिकवणारी पालिका आपल्याकडं किती ठिकाणी आहे? उधना, लिंबायत, डिंडोलीत गणपतीच्या मिरवणुकीत अहिराणी गाणी वाजतात आणि कुणाला खटकत नाही. सुरत कामगाराला काम देते, त्याच्या मुलाला शाळा देते. अडतं ते रात्रीच्या निवाऱ्याशी. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत याच शहरातले हजारो कामगार ‘आम्हाला घरी जाऊ द्या’ म्हणत रस्त्यावर उतरले होते, ते का, हे गादी थंड न होणाऱ्या त्या खोलीत बसल्यावर कळतं. त्यांच्याकडं सुरतेत काम होतं. घर नव्हतं.

आधी आपल्या दाराकडं बघू

आता कडू बोलतो, आणि ते स्वतःपासून सुरू करतो.

जळगावात माझ्या चुलत्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता. आदिवासी भागातून शिकायला आलेली दोन मुलं विचारायला आली. चुलत्यांनी ‘आत्ताच दिला’ म्हणून सांगितलं. खरं तर मजला आणखी दोन महिने रिकामा होता. मी तिथंच बसलो होतो आणि काही बोललो नाही. भावाची गोष्ट ऐकताना मला ती दोन मुलं आठवली. ‘भरली’ हा शब्द आमच्या घरातही बोलला गेला होता.

आपण मुसलमान लोक जुन्या वास्तूंवर फार हळवे असतो. थाळनेरला तापीकाठी फारुकी सुलतानांच्या कबरींवर गवत वाढलेलं बघून जीव तुटतो, आणि तो तुटायलाच हवा. त्या वास्तू सांभाळल्या पाहिजेत, त्यासाठी सरकारच्या मागं लागलं पाहिजे. पण सराईसारख्या वास्तूचा वारसा दगडात कमी आणि वापरात जास्त असतो. आपल्याकडं जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये एक मुसाफिर आहे. वाटेत अडकलेला, घरापासून दूर असलेला माणूस. दर रमजानला आपल्या गावागावांतून जकात निघते. त्यातली किती मुसाफिराच्या वाट्याला जाते? मदरशांना जाते, गरजूंना जाते, ते योग्यच आहे. पण उधन्यात सहा जणांच्या खोलीत झोपणारा आपलाच पोरगा या हिशेबात येतो का?

मला वाटतं, जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या लोकांनी मिळून सुरतेत एक साधी सराई उभी करावी. पन्नास खाटांची का होईना. नव्यानं आलेल्या कामगाराला पहिले तीन महिने माफक भाड्यात राहता येईल, पोलीस पडताळणीचे आणि आधारचे कागद करून मिळतील, दवाखान्यात आणलेल्या पेशंटच्या नातेवाइकाला रात्र काढता येईल. ती फक्त मुसलमानांसाठी असू नये. शिरपूरचा, पारोळ्याचा तो कारखान्यातला दोस्त, ज्यानं माझ्या भावाला आधी आपल्या चाळीत बोलावलं होतं, त्याचीही खाट तिथं असावी. जकातीच्या पैशाचे नियम वेगळे असतील तर त्यासाठी देणगीचा वेगळा हिशेब ठेवता येईल. उलेमांनी त्यावर मार्ग काढावा, तो निघण्यासारखा आहे. सुरतेत स्थिरावलेले, दोन पैसे गाठीला बांधलेले खानदेशी तिथं हजारोंनी आहेत. सगळ्या जातीधर्माचे आहेत. त्यांनी मनात आणलं तर जागेची अडचण नाही.

सरकारचं कामही आहेच. स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना केंद्रानं २०२० मध्ये, टाळेबंदीनंतर, आणली. तिचा लाभ खानदेशच्या कामगाराला किती मिळाला, हे आपल्या आमदार-खासदारांनी विचारायला काय हरकत आहे? मतदानाला त्यांना सुरतेहून गाड्या भरून आणायची सोय करता येते.

रात्री मी भावाच्या गादीवर झोपलो. रातपाळीचा मालेगावचा एक पोरगा त्या गादीचा रात्रीचा मोकळा वेळ मला देऊन कामावर गेला होता. सकाळी सातला तो परत आला. डोळे तांबारलेले, केसांत कापसाचे तंतू. मी घाईनं उठून गादी झटकली. तो म्हणाला, ‘बसा ना भाई, चहा घेऊन जा. मेहमान आहात.’

सहा जणांच्या खोलीत सातव्याला जागा मिळाली होती. सराई अजून मोडलेली नाही. फक्त ती गरिबांच्या खांद्यावर आली आहे.